वाढत्या मांडीचं माप

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला, कारण खाली वाकलो की वर काढायला दोन माणसं लागतात). तुझे गुडघे कसे आहेत? माझी फुफ्फुसं होती तशीच आहेत, पण आता सगळा दोष पायांवर आला आहे. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं काही नवी होणार नाहीत. पण धाप लागते म्हणून तुम्ही बसून राहिलात, बसून बसून मांड्या वाळल्या, आणि वाळलेल्या मांड्यांमुळे आणखी धाप लागते. मांड्या भरल्या तर आहे त्याच श्वासात जिना चढाल. हे ऐकून तुझ्या भावजयीनं फर्मान काढलं: पुढच्या तपासणीपर्यंत मांड्या भरल्या नाहीत, तर खालचं शिवणाचं दुकान बंद आणि मी तिसऱ्या मजल्यावर खिडकीत कायमचा.

व्यायाम साधाच. खुर्चीतून उठायचं, बसायचं. पण दुकानात मी उठलो की गिऱ्हाइकाला वाटे आपल्याला मान देतोय, म्हणून तेही उठे. मी बसलो की तेही बसे. एका निवृत्त मास्तरांची त्यात कंबर धरली (त्यांनी विजार दुसरीकडे शिवायला टाकली).

माप घ्यायचं काम मेहुण्याकडे, म्हणजे हिच्या भावाकडे, दुकानातल्या माझ्या भागीदाराकडे. दर आठवड्याला मांडी वाढू लागली. शेजारीपाजारी कौतुक करून गेले. मी हुरळून एका दमात वर निघालो, तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलो; ना वर जाता येईना, ना खाली. आता रोज सकाळी उतरतानाही तिथवरच मजल जाते. गिऱ्हाइकं तिथेच मापं देतात, संध्याकाळी मेहुणा मला वर ढकलतो. पुढे तपासणीत डॉक्टरांनी टेप लावली, तर मांडी होती तेवढीच. मेहुणा शांतपणे म्हणाला, "साहेब, वाढणार असं तुम्हीच म्हणालात. म्हणून मी वाढत्या अंगाचं माप घेत गेलो." डॉक्टरांनी आणखी एक महिना दिला आहे.

तुझा,
जिन्यातला भाऊ

ता. क. माझी अजिबात काळजी करू नकोस.

ता. क. दुसरा: आमच्या घरात सगळेच शिवणारे, टेप धरली की प्रत्येकाचा हात सैल पडतो. तुला साधं बटण लावता येत नाही, तेव्हा माप घ्यायला तूच ये.

ता. क. तिसरा: काळजी कर. परवा न्हाणीतल्या स्टुलावरून उठता येईना, आणि हिला हाक मारायलाही दम पुरला नाही. नुसता बसून राहिलो. माप राहू दे, तू महिनाभर इथे राहा आणि मला उठवत जा. बाकी सगळ्यांना मी दमलो म्हणून फसवतो आणि व्यायाम चुकवतो, तुझ्यापुढे अजून ती हिंमत होत नाही.