ओटीच्या खारका

॥ श्री ॥

पार्सिपनी,
२४ ऑगस्ट १९८६

चि. शैलास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. दीपाची शाळा लवकरच सुरू होईल. तिच्या बाबांना ऑफिसात बढती मिळाली. तुमच्याकडे एकशे पंधरा डिग्री म्हणे. नरेंद्रची नि तुझी काळजी वाटते, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

खारकांचं पार्सल गुरुवारी पोचलं.

तू लिहितेस, अण्णा सप्टेंबरात लॉस एंजलीसहून परस्पर मुंबईला जातील, पुन्हा ताईकडे यायची दगदग नको. दगदग! अडुसष्टाव्या वर्षी बापाला खजुराच्या झाडावर शिडी लावून चढवतेस, तेव्हा दगदग होत नाही वाटतं?

मार्चमध्ये त्यांना अमेरिकेत आणलं मी. सहा महिन्यांचा व्हिसा, त्यातले पंधरा दिवस माझ्या वाट्याला. बाहेर बर्फ, आम्ही दोघं कामावर, दीपा शाळेत. अण्णा खिडकीशी बसून असायचे. मग ‘शैलाकडे दोन आठवडे जाऊन येतो’ म्हणाले. त्यांची बॅग मीच भरली. वाळवंटात काय पिकणार, म्हणून कोथिंबीर, कारली आणि दोन डझन लिंबं कोंबली. तू त्यांना विमानतळावरून घरी नेलंस ते थेट परसातल्या लिंबाच्या झाडापाशी. झाड लिंबांनी वाकलेलं. काय हसला असाल सगळे! जूनमध्ये मी आमच्या इथल्या दुकानात द्राक्षं घ्यायला गेले, तर पेटीवर तुमच्याच खोऱ्याचं नाव. अख्खा देश ओलांडून ट्रकनं आलेली. न घेताच परत आले. दीपाच्या बाबांना म्हटलं, आंबट होती.

चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला तू कालवा दाखवलास. आता तो कशाला परत येतोय? पहाटे गेट उघडायचं, पाणी वाळूतून झाडांच्या बुंध्याशी यायचं, ऊन चढायच्या आत कामं उरकायची, हे मी दर रविवारी फोनवर ऐकते. एप्रिलमध्ये म्हणाले, “सरू, सकाळपासून लग्नं लावतोय.” नर झाडाचा पराग कापसाच्या बोळ्यानं मादी फुलांवर टेकवायचा, म्हणजे फळ धरतं म्हणे. “मंगलाष्टकं तेवढी राहिली!” असं म्हणून खो खो हसले. माझ्या लग्नात हा माणूस एकदाही हसला नव्हता, शैला.

आणि तू. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण तू पिकतं तिथंच हायवेला टपरी टाकून खजुराचे मिल्कशेक विकतेस, नि अण्णा गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नाशिकच्या गोष्टी सांगतात. नरेंद्रनं नोकरी सोडून तिथे शेत घेतलं, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की पोरगी वाळवंटात पडली.

दीपाला म्हटलं, आजोबांना फोन करून परत बोलाव. ती म्हणाली, “मॉम, ही वॉज सो बोअर्ड हिअर. लेट हिम बी.” दहा वर्षांच्या मुलीला दिसलं. मला दिसत नव्हतं असं नाही.

मला तुझा हेवा वाटतो. सहा महिने गिळत होते, लिहून टाकलं एकदाचं.

पार्सल आलं त्या संध्याकाळी अण्णांना फोन केला. म्हणाले, “दुकानातली खारीक म्हणजे नुसता भुसा. ही मी पिवळी फळं उकडून उन्हात वाळवली. तुझ्या ओटीला होईल.”

मी म्हटलं, “अण्णा, आई गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली आहे? कोण भरणार?”

अण्णा म्हणाले, “शैलाला विचारलं होतं मी. म्हणाली, ताई इथं आली तर मी भरीन की. पण ताई वाळवंटात यायची नाही. म्हणून मग पार्सल केलं.”

मी फोन ठेवला नि स्वयंपाकघरात जाऊन रडले. सात वर्षांत तू किती वेळा बोलावलंस, आणि मी दर वेळी दीपाची शाळा पुढे केली.

शैला, ओटी काही पोस्टानं येत नाही. लेक माहेराहून निघते तेव्हा ती भरायची असते. अण्णा आहेत तिथेच राहू देत. ते निघायच्या आधी शनिवारी, सहा तारखेला, मी आणि दीपा तिकडे येतोय, तिकिटं काढली. खारकांचा खोका फोडलेला नाही, तसाच परत आणते आहे. नारळ आणि तांदूळ तुझ्याकडचे घाल. मी निघेन त्या दिवशी अण्णांसमोर माझी ओटी भर.

हेवा गेला असं मात्र समजू नकोस. तुझ्या हातचा चहा पिऊन ते ‘वा’ म्हणाले की माझ्या पोटात दुखणारच. या वेळी लिंबं आणत नाही.

माहेरी निघालेली,
तुझी सरू