‘ठीक’ लिहिलेले गुरुवार

सोमवार, ३ जून

डोकं फिरलंय! ह्यांच्या साखरेची दोन वर्षांची वही मी दोन बोटांनी संगणकात उतरवली. शुक्रवारी डॉक्टर ती बघून इन्सुलिनचं ठरवणार. सूनबाईने प्रोग्रॅम चालवला, तर तो मध्येच अडून बसला. म्हणे, “आई, इथे आकडा हवा, मजकूर आलाय.” मजकूर कसला? ‘ठीक’ लिहिलंय! रोज मीच तपासते. गुरुवारी मी देवळात, म्हणून हे स्वतः बोट टोचतात आणि लिहितात. माणसाला समजतं, ह्या डबड्याला समजत नाही!

मंगळवार, ४ जून

आज तिने प्रत्येक ‘ठीक’च्या जागी शून्य घातलं. आलेख बघते तर रेघ दर आठवड्याला धाडकन जमिनीवर.

“अगं, शून्य साखर म्हणजे माणूस गेला! दर गुरुवारी सासऱ्याला मारतेस होय?”

हसली! वर म्हणते, “मग त्या ओळी गाळूनच टाकते.” गाळून? मी मॅट्रिकच, पण हिशेब ठेवते. न जुळलेली ओळ खोडायची नसते, बाजूला काढायची असते. फाडफाड बोलले. देवापुढे हात जोडले तरी जीभ शांत होईना.

बुधवार, ५ जून

“आई, तुमचंच ऐकलं,” म्हणाली. प्रोग्रॅम आता धान्य निवडल्यासारखा चालतो. मूळ यादीला हात लावत नाही. एकेक ओळ घेतो — आकडा निघाला तर उजव्या ढिगात. नाही निघाला तर डाव्या, आणि का ते कारण लिहून.

“हे आधी केलं असतंस तर माझी जीभ विटाळली नसती!”

डावा ढीग बघितला. त्रेपन्न ओळी. सगळे गुरुवार, सगळे मागच्या जूनपासूनचे. त्याआधी गुरुवारीसुद्धा ह्यांनी नीट आकडे लिहिलेत! म्हणजे वर्षभर तपासलंच नाही? सुईचा कंटाळा! आणि मी तिकडे ह्यांच्यासाठी प्रदक्षिणा घालतेय! उद्या देवळात जात नाही. दाराआडून पकडते.

गुरुवार, ६ जून

ह्यांनी बोट टोचलं. रक्त पट्टीवर घेतलं. मग यंत्र खिडकीशी नेलं. नाकाशी धरलं. लांब धरलं. पुन्हा नाकाशी. वहीत ‘ठीक’ लिहिलं — ओळ सोडून, तिरकं.

मी पुढे झाले. “अहो, किती आली?”

यंत्रावर ठळक २८६.

“तूच वाच गं,” म्हणाले.