रक्त परतल्यानंतरची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, रक्तवाहिन्यांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, एका मुलीची आणि एका मुलाची आई, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मेंदूचा एक कोपरा कामातून गेला. उरलेला शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. उजव्या हाताची दोन बोटे अजून उठलेली नाहीत, म्हणून डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

१. राहते घर, तीन खोल्या व गच्ची, मुलीला. ती पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह सांभाळते. कारण असे.

त्या सकाळी माझ्या हातून कप पडला आणि वाचा गेली. मुलाने मला तडक इस्पितळात नेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी आहे, ती विरघळवणारे एन्झाइम लगेच देऊ, सही करा. मुलाचा छापखाना आहे. माझा प्रत्येक लेख त्याच्या नजरेखालून गेलेला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माझा लेक म्हणाला, "अहो, या औषधाने मेंदूला इजा होते. आईनेच तीस वर्षं लिहिलंय." मला सगळे ऐकू येत होते. माझीच वाक्ये माझ्या जिवावर उठली होती आणि तोंडातून हूं की चूं निघेना. चाळीस मिनिटे गेली.

मग मुलगी चिखलाच्या बुटांसकट आली. डॉक्टरांना तिने दोनच प्रश्न विचारले, "वेळ किती उरलाय? आणि नाही दिलं तर?" भावाला म्हणाली, "बंद लाइन उघडली की गढूळ पाणी येतं, जुने सांधे गळतात, मला माहितीये. म्हणून काय लोकांना तहानलेलं ठेवायचं? आधी उघडू. गळेल तिथे बघू." आणि सही केली. बंद वाहिनीत रक्त परतल्यावर होणारी इजा हा माझा विषय; तो इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आला नव्हता. मला तिचा फार अभिमान आहे. तोंडावर कधी म्हटले नाही, ते इथे लिहिते.

दुसऱ्या दिवशी मेंदूला सूज आली. "बघ, म्हणालो होतो ना!" मुलगा म्हणाला. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

२. बँकेतील ठेव त्या वॉर्डला, जिथल्या नर्सने सूज उतरेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. रक्त परतल्यावरच खरा पहारा लागतो, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

३. लोखंडी कपाट प्रयोगशाळेच्या माजी प्रमुखांना, रिकामे. "बाई, रक्त सुरू झालं की संपलं, पुढे कसला अभ्यास?" असे म्हणून त्यांनी माझे काम दोन वर्षे अडवले. त्यात त्यांनी ते मत जपून ठेवावे.

४. हिरव्या पुठ्ठ्याची वही प्रयोगशाळेला, छापण्यासाठी. रक्त परतते तेव्हा पांढऱ्या पेशी धावून येतात, वाहिन्यांच्या भिंती पाझरतात, आणि गुठळी विरघळवणारे आमचे हेच एन्झाइम कधी त्या आगीत तेल ओतते, हे मी छापले. पण तेच एन्झाइम, धार बोथट करून, गुठळी कापता येणार नाही असे करून दिले, तेव्हा काही प्रयोगांत त्याने त्याच पेशींची समजूत घातली. एकाच रेणूची ही दोन रूपे! त्याच्यापुढे मी आजही हात जोडते. ते मात्र मी छापले नाही. माझ्या सुबक सिद्धांताला गालबोट लागले असते. मुलाला अर्धेच कळले, कारण मी अर्धेच सांगितले. चूक माझी आहे.

५. मुलाला काहीही नाही. चमचाही नाही.

बाळा, माझी ही बोटे त्या चाळीस मिनिटांत गेली की रक्त परतल्यावर, हे जन्मभर हाच अभ्यास करूनही मला सांगता येत नाही. तू ताईवर राग धरतोस, पण खातोस स्वतःला. आता पुरे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणतात. मला साक्षीला तूच हवा आहेस. तुझ्या ताईने केले ते बरोबर होते, हे वाक्य वाचून मगच सही कर.

सहीपूर्वीची नोंद: त्याने कागद दोनदा वाचला. माझे पेन टेबलावर त्याच्यासमोरच होते. तो दाराशी उभ्या बहिणीकडे वळला आणि म्हणाला, "ताई, जरा तुझं पेन दे गं."

लिहून ठेवणारी: (सही, डाव्या हाताची)

साक्षीदार: १. मुलगा, छापखान्याचा मालक (सही)
२. शेजारच्या शिंपीणबाई (सही)

ठिकाण: राहत्या घरातील स्वयंपाकाची खोली
दिनांक: १४ मार्च, सकाळचे अकरा