टाकी ते गेट, ऐंशी पावलं

४ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून लिहून कळवते. आपलं गाव कर्जाच्या यादीत आलं आहे. पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची, दोन्ही योजना एकत्र. सरकार कमी व्याजाने तीस वर्षांसाठी पैसे देतं, आणि अर्ज तयार करायचं काम नगरपालिकेने आमच्या कंपनीला दिलं आहे. यादी मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना उभी होते, एवढंच सांगते.

तुमच्या गल्लीत गटाराची लाइन पिण्याच्या लाइनला चिकटून जाते. ती पहिल्या टप्प्यात बदलायची आहे. काकूला सांगा, पाणी उकळणं संपेल.

एक अट अडते आहे. जमिनीखालचे सगळे व्हॉल्व्ह कुठे आहेत त्याचा नकाशा लागतो. नगरपालिकेतला नकाशा, कपाटावरूनच जाणारा पाइप फुटून भिजला आणि त्याचा लगदा झाला. (पाणी विभागाचं कपाट.) कर्ज खात्याच्या अधिकारी २६ तारखेला येऊन नव्या नकाशातल्या कुठल्याही तीन जागा खोदून बघणार. एकही चुकली तर अर्ज पुढच्या वर्षी.

म्हणून तुमची वही हवी आहे. पस्तीस वर्षं तुम्ही गावाला पाणी सोडलंत आणि प्रत्येक व्हॉल्व्हची जागा पावलांत लिहून ठेवलीत. पाऊल हे माप नव्हे, पण मापात बसवता येतं. रविवारी टेप घेऊन येते.

पोच द्यावी, राग आला तर तोही पत्रातच कळवावा.

आपली,
पुतणी

१० फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

रविवारी तू मला पाण्याच्या टाकीपासून आवाराच्या गेटपर्यंत चालवलंस आणि मागून टेप धरून आलीस, तेव्हा वॉचमनने काकूला विचारलं म्हणे, यांना विजार शिवायची आहे का. शंभर पावलं, साठ मीटर. एक पाऊल म्हणजे साठ सेंटिमीटर, असं लिहून घेतलंस आणि चहा न घेता गेलीस. पोरी, नकाशात येत नाही म्हणून चहा सोडायचा नसतो.

वही सोबत पाठवतो आहे. माळ्यावरून काढायला काकूला दोन दिवस लागले. सगळी मापं नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतली आहेत. तेव्हा खात्यात मला उंट म्हणायचे, माझ्याबरोबर चालताना साहेबांना धाप लागायची. आता गुडघे बिजागरीसारखे वाजतात.

काकूच्या अंगात वारं शिरलंय. पाणी उकळायचं मोठं पातेलं कोणाला द्यायचं, तेही तिने ठरवून टाकलं. मी म्हटलं, अगं, बाजारात तुरी. ती म्हणाली, तुमच्या वहीवर माझा तुमच्यापेक्षा जास्त विश्वास आहे. यात कौतुक किती आणि टोमणा किती ते तू मोजून कळव.

वेळेवर जेव, आणि म्हाताऱ्याला अधूनमधून आठवत जा.

तुझा,
काका

१५ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

वही मिळाली. एकसष्ट व्हॉल्व्ह, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. नकाशा तयार करून नगरपालिकेकडे पाठवला आहे. काल रात्रीचं जेवण विसरले, पण त्याचं कारण चांगलं होतं.

बेकरीजवळचा व्हॉल्व्ह आधी खोदून बघायला मी तिथल्या इंजिनिअर साहेबांना सांगितलं आहे. वहीत लिहिलंय, बेकरीच्या कोपऱ्यापासून शाळेकडे चाळीस पावलं. म्हणजे चोवीस मीटर. तुम्ही तिथे उभे राहावंत, अशी माझी इच्छा आहे.

काकूच्या वाक्यात टोमणा एक चतुर्थांश. बाकी कौतुक.

आपली,
पुतणी

१९ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

वाईट बातमी आहे, ती आधीच सांगून टाकतो. चोवीस मीटरवर काही नाही. कंबरेएवढं खोदलं, दगड निघाले आणि एक फुटकी बशी. बेकरीवाला दुपारपर्यंत फुकट तमाशा बघत होता. साहेब मुकादमाला म्हणाले की आठवणींवर कर्ज मिळत नसतं. मला ऐकू जाईल असंच म्हणाले. नेमकं तेवढं बरं ऐकू आलं.

वही लिहिताना मीच चुकलो असेन. साहेबांना सांगून माझी वही बाजूला काढ. माझ्यामुळे तुझ्या नावाला बट्टा नको.

काकूने पातेलं घासून पुन्हा चुलीवर चढवलं.

तुझा,
काका

२१ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र ऑफिसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. उभ्याउभ्याच वाचा.

तुम्ही चुकला नाहीत, मी चुकले. तुमचं पाऊल मी बरोबर मोजलं, पण चुकीच्या माणसाचं. वही लिहिली ती पंचविशीतल्या उंटाने, आणि मी टेप लावली एकसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना. वहीबरोबरच्या पत्रात तुम्ही ते सांगितलं होतं. मी गंमत म्हणून वाचलं आणि पुढे गेले.

पुरावा वहीच्या पहिल्याच पानावर आहे. व्हॉल्व्हचा उल्लेख नाही म्हणून ते पान मी उलटलं होतं. कामाचा पहिला दिवस, तेव्हाच्या साहेबांनी चालून दाखवायला सांगितलं, टाकी ते गेट ऐंशी पावलं. तीच टाकी, तेच गेट, तेच साठ मीटर. म्हणजे तेव्हाचं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटर. बेकरीपासून तीस मीटरवर खोदायला सांगा, चोवीस नव्हे. एकसष्ट जागा नव्याने मांडून नकाशा सोबत दिला आहे.

रात्रभर आकडे मांडत होते, अक्षर बिघडलं. सांभाळून घ्यावं.

आपली,
पुतणी

२७ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक म्हणजे अगदी एकसष्ट उ. आ.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा साहेब म्हणाले, आता २६ तारखेलाच काय ते खोदू. म्हणजे काल सगळं पहिल्यांदाच खोदलं. अधिकारी बाई बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, तुझ्याच वळणाच्या. त्यांनी बेकरी निवडली, शाळेचं फाटक निवडलं, आणि तिसरी आपलीच गल्ली.

बेकरीपाशी तीस मीटरवर तिसऱ्याच घावाला लोखंड वाजलं. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. शाळेपाशीही तसंच. गल्लीत मात्र कंबरेपर्यंत गेलो तरी माती. मुकादमाने फावडं टेकलं, साहेबांनी घड्याळ बघितलं. मी खड्ड्याच्या काठावरून वाकून बघितलं. मग आठवलं, हा रस्ता दोनदा उंच केलाय. मी बाईंना म्हटलं, आणखी दोन वीत खोदू द्या. त्यांनी मान हलवली. दीड वीत खाली ठण्ण. मुकादम मला चक्क उचलायला निघाला होता, गुडघ्यांची शपथ घालून थांबवला.

काकूने सगळ्यांना पाणी दिलं. बाईंनी विचारलं, कोमट का आहे. काकूने पातेलं दाखवलं आणि गटार दाखवलं. बाईंनी पेला रिकामा केला आणि आपल्या वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

साहेबांनी घरी येऊन चहा घेतला. तुझा राहिलाय.

तुझा,
काका

११ एप्रिल

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

कर्ज मंजूर झालं. दोन्ही योजना, कुठलीही कपात नाही. तुमच्या गल्लीचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतं. ऑफिसात मी खुर्चीवर उभी राहिले होते असं कोणी सांगितलं, तर ते खरं आहे.

नकाशाच्या कोपऱ्यात, प्रमाण लिहितात तिथे, एक ओळ आहे. एक पाऊल बरोबर पंचाहत्तर सेंटिमीटर. अधिकारी बाईंनी विचारलं, कोणाचं पाऊल. मी म्हटलं, माझ्या काकांचं. त्यांनी ती ओळ काढायला सांगितली नाही.

रविवारी येते. आपण टाकीपासून गेटपर्यंत चालत जाऊ आणि मग काकूच्या हातचा चहा घेऊ. किती पावलं होतील ती होऊ देत. टेप आणणार नाही.

तुमची,
फूटपट्टी