राणी कलरची विहीर

२ मार्च, रवि.
डाळ शिजली नाही. नळाच्या पाण्यावर लावली होती. कुकर शिट्ट्या मारून दमला, डाळ आपली जशीच्या तशी. बाळंतिणीच्या ताटात असलं वरण वाढायचं म्हणजे लाजच. पल्लवी म्हणे, "आई, विहिरीचं घे न." कसं घेऊ? शुक्रवारीच मनपाची पाटी लागली विहिरीवर. नमुना नापास. पाण्यात नको ते जंतू निघाले. भांड्यांना वापरा, प्यायला नको.

मनपाचे साहेब वयाने लहान, पण बोलायला नीट. म्हणाले, "काकू, एप्रिलमध्ये दुसरा नमुना नेतो. तोही नापास झाला तर वरून स्लॅब. कायमची बंद. माझ्या हातात नाही ते."

अख्खी गल्ली हेच पाणी पिते. नळ दिवसाआड, उन्हाळ्यात टँकरची मारामारी. रिक्षावाल्याला गल्लीचं नाव सांगा, त्याला कळत नाही. "विहिरीची गल्ली" म्हणा, दारात आणून सोडतो. त्यात पल्लवीचा सव्वा महिना एप्रिलातच भरतो. बाळंतीण विहीर पुजते, मग घागर भरून घरात येते. पल्लवीच्या वेळी मी इथेच पुजली होती. आता तिने काय टँकर पुजायचा?

४ मार्च
देवतळे बाई सकाळीच ब्रश आणि पांढरा, लाल रंग घेऊन ओट्यावर. मी पिकोचं मशीन सोडून धावले. वाटलं, आता पाटीच पुसतात.

बाईंनी मनपाच्या शाळेत अर्धी गल्ली शिकवली, आमच्या ह्यांच्यासकट. विहिरीवर त्यांचंच राज्य. चप्पल घालून ओट्यावर चढलं की अजून कान धरतात, मग माणूस पन्नाशीचा असो. बोलणं पुस्तकातलं. चाळीस-पन्नास वर्षं नागपुरात काढून एकदाही "मले-तुले" तोंडातून निघालं नाही. आम्ही त्यांच्यासमोर उगाच शुद्ध बोलायला जातो आणि तोंडघशी पडतो.

पाटीवर पेंटरने "पीण्यायोग्य नाही" लिहिलं होतं. बाईंनी दीर्घ पी खोडला, ऱ्हस्व काढला. "नाही" तसंच ठेवलं. मी म्हटलं, "बाई, आता रंग हातात आहेच तर तेही..."
"मंदा, 'नाही' हे त्यांचं मत आहे. दीर्घ पी ही चूक आहे."
विहीर शुद्धच आहे, मनपाची बाटली घाण असेल, असं त्यांचं ठाम म्हणणं. कोण वाद घालेल.

८ मार्च
साहेब येऊन बजावून गेले. नमुन्याआधी कोणी आपल्या मनाने विहिरीत काही टाकायचं नाही. टाकल्याचं दिसलं तर नमुना बाद.
आणि आमचे हे संध्याकाळी इतवारी बाजारातून लाल दवाची पुडी घेऊन आले, विहिरीत टाकतात ती. विचारलं, ही काहून? तर म्हणे, "असू दे घरात, काय खाते का?" ह्यांचा स्वभाव मला माहीत नाही का. लग्नात पंगतीला मीठ कमी वाटलं म्हणून स्वतः उठून कढईत टाकून आलेला माणूस. पुडी घेतली, साडीच्या फॉलच्या डब्यात खाली लपवली.

१४ मार्च, धुळवड
काय मजा आली बाप्पा. ओटा नुसता लाल, हिरवा, गुलाबी. विहिरीवर जाळी आणि वर ताडपत्री बांधली होती, एक थेंब जाऊ दिला नाही. त्यासाठी बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. शोभाने (समोरची, माझी जिवाची मैत्रीण आणि डोक्याला ताप) त्यांना मागून रंग लावला. गल्ली श्वास धरून उभी. बाईंनी चष्मा काढला, पुसला, शोभाचेच दोन्ही गाल रंगवले. पोट्ट्यांनी असा गिल्ला केला!

नंतर सगळ्या पोट्टे-पोट्ट्यांच्या आंघोळी बाईंच्या नव्या बाथरूममध्ये. त्यांच्या पुण्याच्या मुलाने दिवाळीत बांधून दिली, बाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी. गीझर, पांढऱ्या फरश्या. बाई दारात उभ्या, एकेकाचे कान तपासून परत आत. मीही केस तिथेच धुतले. केसांतला गडद गुलाबी राणी कलर काही निघेना. आता आठवडाभर फॉलवाल्या सगळ्या गिऱ्हाइकांना दिसणार माझा भांग.

पल्लवी खिडकीतून बघत होती, बाळी मांडीवर. हसली खूप. बरं वाटलं.

१५ मार्च
शोभाने सकाळी बादली ओढली आणि तिथूनच हाक मारली. पाणी गुलाबी. फिक्कं, पण गुलाबीच.

ओट्यावर बैठक. सगळे एकमेकांकडे बघून राहिले. "कोणी टाकली लाल दवा?" कोणी नाही. शोभाने पोराची शपथ घेतली. तिचा नवरा म्हणे मी तर गावालाच होतो (नव्हता, काल ढोलकी वाजवत होता). साहेबांना कळलं तर नमुना बाद, मग स्लॅब. बाई म्हणाल्या, "ज्याने केलं त्याने उभं राहावं." आणि वर्गात बघतात तसं ह्यांच्याकडे बघितलं. हे चक्क उभे राहिले. "मी नाही बाई." मग उभं काहून राहिले?
घरी येऊन फॉलचा डबा उघडला. पुडी फाडलेली.

१६ मार्च
ह्यांच्याशी बोलणं बंद. हे म्हणतात पुडी द्राक्षं धुवायला काढली. द्राक्षं म्हणे. विहिरीचं पाणी काचेच्या ग्लासात भरून खिडकीत ठेवलंय, पुरावा म्हणून. साहेब आले की पुढे करणार. नवरा असला म्हणून काय झालं.

पल्लवी मध्ये पडते. "आई, बाबाले एकदा विचारून तर घे नीट." विचारलं न. द्राक्षं म्हणाले न.

१८ मार्च
हे निर्दोष.

लाल दवा ग्लासात ठेवली की दुसऱ्या दिवशी चहासारखी तांबूस पडते, हे कोणालाही माहीत आहे. खिडकीतला ग्लास तिसऱ्या दिवशीही गुलाबी. शोभा फॉल द्यायला आली, ग्लास उन्हाला धरला, मग माझ्या डोक्याकडे बघितलं. "मंदे, हा तर तुझ्या भांगाचा कलर हाय."

दोघी खाली बसलो. धुळवडीचा रंग! पण जाळी होती, ताडपत्री होती, बाई खुर्चीत होत्या. वरून गेला नाही. म्हणजे खालून आला. आणि त्या दिवशी सगळी गल्ली न्हाली कुठे? बाईंच्या बाथरूममध्ये. दिवाळीत बांधली. विहिरीचा नमुना नापास झाला तो दिवाळीनंतरच.
शोभा म्हणे, "आता बाईले कोण सांगन?" मी म्हटलं तू. ती म्हणे तू.

द्राक्षांवरून ह्यांची माफी मागितली. त्यांनी भाव खाल्ला, रात्री शिरा करायला लावला. केला.

१९ मार्च
गल्लीने मलाच ढकललं. बाईंसमोर बसले, चहा आला, मी शुद्ध भाषेत सुरुवात केली आणि "बाई, आपल्या सांडपाण्याचा मार्ग" इथे अडकले. शेवटी म्हटलं, "बाई, तुमच्या बाथरूमचं पाणी विहिरीत जाऊन राहिलं असं वाटते मले."

बाईंनी कप खाली ठेवला. मग, "पुरावा?"
ग्लास दाखवला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, खाली बशी ठेवली, डाग पडू नये म्हणून. "एका ग्लासावर निष्कर्ष काढायचा नाही. परीक्षा घ्या. हिरवा रंग उरला आहे का कोणाकडे?"

बाहेर येऊन सांगितलं तेव्हा सगळे खूश, जसं मी वाघाच्या गुहेतून परत आले.

२१ मार्च
काल संध्याकाळी बाईंनी स्वतःच्या हाताने हिरवा रंग बाथरूमच्या जाळीत ओतला, वरून बादल्या. साहेबांना फोन करून विचारलं होतं, ते म्हणाले खाण्याचा रंग घ्या, म्हणून शोभाने जिलबीवाल्याकडून आणला.

आज सकाळी सगळी गल्ली काठावर. बादली वर आली. पांढऱ्या पातेल्यात ओतली. हिरवं.

बाई पातेल्यात बघत राहिल्या. मग एकदम, "काहून असं झालं वं मंदा? मी तर फरशीबी रोज घासत होतो."
बाईंच्या तोंडून काहून! ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी शोभाकडे. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही रडू आलं, लपवलं नाही. जिने विहिरीसाठी अख्ख्या गल्लीचे कान धरले, तिच्याच घरून ही घाण यावी. तिचा काय दोष त्यात.

मग बाईंनी बाथरूमला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "दुरुस्त होईपर्यंत तुझ्याकडे येतो आंघोळीले." येते नाही, येतो म्हणाल्या. आमच्यासारखं.

२३ मार्च
जब्बारभाई प्लंबर आले. खोदलं. पाइप बाथरूममधून निघतो, जरा पुढे जातो आणि संपतो. गडर लाइनला, म्हणजे गटाराला, जोडलाच नाही. "भाभी, ये पाइप तो कहीं जाताच नहीं. मिट्टी में सोया पडा है." विहीर तिथून हाकेच्या अंतरावरही नाही, हात लांब केला की आली. ज्या मिस्त्रीने बांधलं तो आता फोन उचलत नाही. पुण्याच्या मुलाने उचलला, बिचारा सारखं सॉरी म्हणत होता. बाईंनी सांगितलं, "सॉरी नको. सुट्टी घे आणि विहीर उपसायला ये."

२७ मार्च
बाई रोज आंघोळीला आमच्याकडे. आनंद आहे. आमचा मग्गा चुकीच्या जागी, साबणाची वडी चुकीच्या आकाराची, कडी लावताना आवाज होतो. हे आंघोळीला गेले की ह्यांना बाहेरून पाढे विचारतात. बाळीला मात्र रोज मांडीवर घेतात आणि तिच्याशी पूर्ण नागपुरी. "काय वं, हसून राहिली का तू?" बाकी सगळ्यांशी पुन्हा पुस्तकातलं. पल्लवी आणि मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसतो.

नवा पाइप जोडला. साहेब येऊन बघून गेले. म्हणाले आता विहीर पूर्ण उपसा, गाळ काढा, झऱ्यांचं नवं पाणी येऊ द्या. ब्लीचिंग त्यांचा माणूस मापून टाकेल.

३० मार्च, पाडवा
गुढ्या उभारल्या आणि सगळे विहिरीवर. दोन मोटरपंप, वर गडगडीच्या चाकावरून गाळाच्या पाट्या. हात बदलत बदलत पाट्या गल्लीच्या टोकापर्यंत. पुण्याचा मुलगा खरंच आला, गुडघाभर चिखलात, नवी पँट.

काय काय निघालं! तांबे, चमचे, चेंडू तर विचारू नका, शोभाच्या सासूची हरवलेली पळी, जिच्यावरून शोभाने लग्नानंतर महिनाभर बोलणी खाल्ली. शोभा पळी घेऊन सरळ सासूच्या फोटोसमोर उभी राहिली. आणि एक पितळी घंटा, शाळेतली. बाईंनी चिखल पुसला. "ही माझ्या टेबलावरून कोणी नेली होती?" ह्यांचे कान लाल. आपसूक हात वर केला. बाईंनी कान धरला, आणि मग दोघंही इतके हसले की ह्यांना ठसका लागला.

दुपारी तळ उघडा पडला. जब्बारभाईंनी खालून ओरडून सांगितलं, झरे सुटले. मी वाकून बघितलं. दगडांच्या फटीतून स्वच्छ पाणी येत होतं. इतका आनंद मला पल्लवीच्या बारशालाही झाला नव्हता, खोटं कशाला लिहू. श्रीखंड सगळ्यांनी ओट्यावरच खाल्लं, चिखलाच्या हातांनी. बाईंनीही तसंच खाल्लं.

५ एप्रिल, शनि.
आज नमुना आणि पूजा, दोन्ही एका दिवशी. सकाळी विहीर काठोकाठ नाही पण छान भरलेली. साहेबांनी नमुना घेतला, बाटली थंड डब्यात ठेवली. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. पास-नापास तेच सांगणार.

साहेबांची माणसं डबा बांधत होती तोवर पूजा उरकली. पल्लवी हिरव्या साडीत, फॉल मीच लावलेला. काठाला हळद-कुंकू, पाच बोटं. पल्लवीने पहिली बादली ओढली. दोर मी मागून धरला. बाळी बाईंच्या कडेवर. घागर घरी आणली. त्यातलं पाणी तुळशीला घातलं, प्यायलं कोणीच नाही. ह्यांचा हात दोनदा गेला घागरीकडे, दोनदा मी मारला.

उन्हाने साहेब घामाघूम. आमच्या पायरीवर टेकले, म्हणाले, "काकू, जरा पाणी द्या न प्यायला."
घागर समोरच, ओलीगार. माझ्या मनात आलं, द्यावं. आता काय आहे त्यात? शोभाने तर पेला उचललाही.

बाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. आत गेल्या, नळाचं गाळलेलं पाणी घेऊन आल्या. साहेबांनी पिऊन तोंड वाकडं केलं. क्लोरीन, दुसरं काय.
साहेब म्हणाले, "त्या घागरीतलं द्यायचं होतं न, बाई."
"रिपोर्ट घेऊन ये," बाई म्हणाल्या. "तांब्या भरून देतो तुले."