पट्ट्यापाशी मुलाखत

३ नोव्हेंबर

सकाळच्या एसटीने मेहकर सोडलं आणि उन्हं कलायच्या आत जळगाव जामोदला उतरले. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये बायांच्या मुकादमिणीची जागा रिकामी आहे, सोबत राहायला खोली. मुलाखत होईपर्यंत त्याच खोलीत उतरवलं आहे. पत्र्याची आहे, पण आतून कडी लागते आणि खिडकीतून सातपुडा दिसतो. नोकरी लागली तर दिराच्या घरी परत जायला नको. तिथे माझं अंथरूण पोत्यांमागे असतं, आणि यांचा फोटो लावायला भिंत मिळाली नाही. आल्या आल्या फोटो खिळ्याला टांगला. घाई केली खरी, पण बरं वाटलं.

मुबीना नावाची कामगार बाई पाणी घेऊन आली. हसरी आहे. म्हणाली, “बेफिकीर झोपा बाई, आपल्या इथं आजवर एक बी बाई मेली नाही.”

४ नोव्हेंबर

मुलाखत घ्यायला समोर जनकाबाई. मेहकरच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघी एकाच मशीनवर कापूस टाकायचो. हे तिथेच फिटर होते. चालू मशीनचा पट्टा सरकला म्हणून नीट करायला गेले आणि पट्ट्याने त्यांना आत ओढलं. मी जेवायला गेले होते. जनकाबाई मात्र त्यांच्या शेजारी उभी होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिने ते काम सोडलं. आता इथे बाया ठेवायच्या की नाही ते तीच ठरवते. मालक अकोल्याला असतो.

मला वाटलं, ओळखीची आहे, काम झालंच. मी विचारलं, काय विचारायचं ते विचार. ती हसली. “तुले काय विचारू व मी? तुहे हात दाखव.”

कासार बांगडीचं माप घेतो तशी ती एकेक बोट चाचपत गेली. मग म्हणाली, “साबूत हायेत,” आणि तिचा चेहरा उतरला. मुलाखतीचा शेवट पट्ट्यापाशी होतो म्हणे. तोवर बायांबरोबर काम कर.

५ नोव्हेंबर

दिवसभर शेडमध्ये. डोळ्यांत, नाकात रुई. बाया थट्टेखोर आहेत. मी मशीनपासून लांब उभी होते, तर रुखमाबाई म्हणाली, “काऊन व, सासरी आल्यावानी लाजून राह्यली?” सगळ्या हसल्या.

हसताना त्यांनी तोंडावर हात धरले, तेव्हा दिसलं. प्रत्येकीच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही. प्रत्येकीच्या.

मुबीनाला विचारलं. नाक टोचल्याचं सांगावं तसं तिने सांगितलं. “पयल्याच हप्त्यात जाते. मंग जिंदगीभर हात मशीनपाशी जात नाही.” मालक काही विचारत नाही का? बाया मरत नाहीत, एवढं त्याला पुरतं, म्हणाली.

मी नीट ऐकलं नसेल.

७ नोव्हेंबर

नीट ऐकलं होतं.

अनुपमा नावाची नवी मुलगी कामाला आली, नुकतं लग्न झालेली. दुपारी मशीन चालू झाल्यावर रुखमाबाईने तिचे खांदे धरले, मुबीनाने कंबर. जनकाबाईने मनगट धरून करंगळी पट्टा आणि पुलीच्या मधात दिली. मशीनच्या आवाजात किंकाळी ऐकू आली नाही, फक्त उघडं तोंड दिसलं. रुईच्या ढिगावर लाल शिंतोडे. पोरीने रुखमाबाईच्या दंडाचा लचका तोडला, रक्त आलं, तरी रुखमाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग हळद दाबली. मग सगळ्यांनी मिळून तिची ओटी भरली.

मी फाटकाकडे पळाले. फाटक उघडंच होतं. जनकाबाई मागून आली आणि माझ्या शेजारी बसली. तिने मला धरलं नाही. म्हणाली, “तुह्या नवऱ्याचे धाही बोटं साबूत होते, म्हणून त्याले भेव नव्हतं. हासत हासत हात घातला त्यानं. मी पाह्यला ना. एखांदं बोट आंधी गेलं असतं, तं आज जिता असता.”

तिने हेही सांगितलं की बाईचं एक पेर जातं, मुकादमिणीची तीन बोटं.

एसटी आली, थांबली, गेली. मी बसून होते.

८ नोव्हेंबर

आता निघते. फोटो काढून घेतला की —

१२ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहिते. अक्षर वाकडं.

फोटो काढताना जनकाबाई आणि बाया आत आल्या. मी अडसर उचलून जनकाबाईच्या कपाळावर घातला. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. तिने पदराने पुसलं फक्त. बायांनी मला उचलून पट्ट्यापाशी नेलं. मी ओरडत होते, नोकरी नको, नोकरी नको. तिने कानाशी तोंड आणून सांगितलं, “झाली व तुही मुलाखत. लागली तू कामाले.”

उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट.

नंतर त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. हे गेल्यापासून माझी कोणी — मी रडले. दुखत होतं म्हणून नाही —

१५ नोव्हेंबर

ताप. पट्ट्याजवळून जाताना हात आपोआप पाठीमागे जातो. म्हणजे जनकाबाईचं खरं —

नाही. खरं नाही.

यांचं एकच बोट आधी गेलं असतं तर. एकच —

१७ नोव्हेंबर

नवी बाई आली आहे. भिमाबाई. शेडच्या दाराशी बसली आहे. मला विचारलं, इथं पोटापुरतं मिळते का हो बाई? हाव म्हणाले.

मनगट मुकादमिणीने धरायचं असतं; जागा रिकामी होती तोवर जनकाबाई धरायची. जनकाबाई म्हणते, आज तू.

फाटक उघडं आहे. मला कोणी धरलेलं नाही. भिमाबाईला नुसतं सांगितलं तरी पुरे, पळ म्हणून. दोन अक्षरं. सांगते. आत्ता सांगते —

तिचे हात पाहिले. दाही बोटं. किती बिनघोर ठेवले आहेत मांडीवर. ही मरेल. हे गेले तशी, हसत —

मशीन चालू झालं. हाक आली. मी उठते. तिचं मनगट बारीक आहे, माझ्या दोन बोटांत —