चढावर बंद पडणारी टॅक्सी

सोमवार, ३ मार्च
शटर वर करतोय तोच टॅक्सीवाला दारात. सपाटीला पळते, पण पुलाच्या चढावर गचके देत बंद पडते. जरा वेळ उभी केली की पुन्हा चालू. म्हणाला, "डॉक्टर दिसला की ताप उतरतो तशी गत. मिस्त्रीच्या दारात आली की शहाणी."
पंप नवाकोरा, फिल्टर नवा. कुणी बदलला?
"तुमच्या थोरल्यांनी, पुलापलीकडच्या शेडात. त्यांनीच पाठवलंय. मला सापडत नाही म्हणाले, धाकट्याकडे ने, त्याचा कान तयार आहे."
पाना हातातच राहिला. आईला कुणाकडे ठेवायचं यावरून दादाचं-माझं फाटलं. आई गेली, तरी शिवलं गेलं नाही. समोर असताना त्यानं कधी पाठ थोपटली नाही, आणि आता परक्याजवळ कौतुक?

मंगळवार, ४ मार्च
पेट्रोलचा दाब बघितला — बरोबर. नळ्या फुंकल्या — मोकळ्या. मग स्वतःच चढावर घेतली. अर्ध्यात पंपाचा सूर बदलला — बारीक, रडवेला. मग गचके, मग बंद. मागच्यांनी हॉर्नवर हात ठेवून माझा उद्धार केला. उतरून टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स! किल्ली फिरवली — चालू.
झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते बुजलं होतं. पेट्रोल उपसलं जातं, त्या जागी हवा येत नाही, मग टाकी पेट्रोल धरून बसते. आणि मिस्त्री पहिलं काय करतो? झाकण उघडून टाकीत डोकावतो. हवा भरते, दुखणं गायब.
नवं झाकण घातलं. चढावर पुन्हा पुन्हा नेली, कुरकुरली नाही. टॅक्सीवाला म्हणाला, "एवढ्याशा बुचानं माझे दोन पंप खाल्ले?"
"दोन कसे?"
"थोरल्यांनी दोनदा बदलला ना. नव्याच्या जागी नवा."

बुधवार, ५ मार्च
हे झाकणाचं मला शिकवलं कुणी? दादानंच. रस्त्याकडेला ताडपत्रीखाली दोघं काम करायचो तेव्हा. पंपाला हात लावला की टपली — "आधी झाकण, गाढवा." आणि त्याला सापडलं नाही म्हणे! मला बनवतो काय. बोलायचंय, पण नाक आडवं येतंय, म्हणून गाडी पुढे केली. दुसरा पंपही त्या नाटकातलाच.
हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग जाऊन या ना. तुमचे काय पाय झिजणार आहेत?"
म्हटलं, एक पाऊल त्यानं टाकलंय, दुसरंही टाकू दे.

शुक्रवार, १४ मार्च
टॅक्सीवाला चहाला थांबला. विचारलं, थोरल्यांना सांगितलंस का, झाकण होतं म्हणून?
"सांगितलं की. हसले. म्हणाले, कुठली गाडी?"
मीही पोट धरून हसलो. दादा पहिल्यापासून बेरकी.

शनिवार, २२ मार्च
दादाकडून आणखी एक गाडी आली. फिल्टर गाळानं गच्च — आंधळ्यालाही सापडला असता. आता अतीच झालं. ह्या वयात असले बहाणे?
खरं सांगायचं तर बरं वाटलं. फोन वाजला की हल्ली मीच आधी उचलतो. त्याचा नसतो.

रविवार, ३० मार्च
ही जेवताना ताटावरच म्हणाली, "दोघांचे केस पिकले. आता कुणाचा मान राखताय?" भाजी चांगली झालीय, तेवढं म्हटलं.
उद्या जातो. दारातूनच विचारायचं, "काय मिस्त्री, धाकट्याची परीक्षा झाली का घेऊन?" तो शिवी देईल. मग चहा येईल. बाकीचं आपोआप होईल.

सोमवार, ३१ मार्च
चालतच गेलो. दादा बाकावर बसून एक जुना पंप पुसत होता. वर बघितलं, घाईनं उठला, माझ्यासाठी बाक झटकला.
"या साहेब. काय त्रास देतेय गाडी?"
वाटलं, थट्टा. त्याच्या मागे वहिनी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, पदर तोंडाशी नेला. हळूच म्हणाल्या, "सगळं विसरत चाललेत, भावोजी. वर्ष होत आलं. तुम्हाला कळवू देईनात."
नाटक नव्हतं. त्याला खरंच सापडत नव्हतं.
तो माझ्याकडे बघत थांबला होता, गिऱ्हाइकाकडे बघावं तसा. बाहेर गाडी नव्हतीच.
म्हटलं, "चढावर बंद पडते."
"बसा," म्हणाला. "बघतो."